नुसतं ‘जा’ म्हणू नये

एका राज्यात हात बांधून बोलायची रीत होती. शेतात नव्हे, बाजारात नव्हे. तिथे कुंभार, कोष्टी, कोळी, साऱ्यांचे हात जिभेच्या जोडीने मोकळे चालत. रीत होती ती राजवाड्यात. दरबाराच्या उंबऱ्याशी सेवक उभा असे, आणि आत जाणाऱ्याच्या दोन्ही मनगटांना तो रेशमाची दोरी बांधी. तिला करबंध म्हणत. दोन हातांमध्ये वीतभर ढील, घास तोंडाशी जाईल एवढीच. इतरांचा करबंध दरबार उठला की सुटे. राजाचा मात्र राज्याभिषेकाला बांधला की चितेवरच सुटे, कारण राजा निजला तरी राजाच, असे तिथले शास्त्री सांगत. सांगणाऱ्यांचे काय जाते म्हणा! राजाचे अंगरखे खांद्यावर बंद लावून शिवावे लागत, ते शिंप्याला ठाऊक.

ही रीत पडली कशी, तेही ऐका. धवलसेन नावाचा राजा होऊन गेला. त्याच्यापुढे एकदा एका तरुणाला धरून आणले. अपराध काय, तर राजाच्या बागेतले डाळिंब तोडले. राजा हसला नि म्हणाला, “सोडा त्याला.” नेमकी त्याच घडीला राजाच्या मानेवर माशी बसली आणि त्याने हाताने मान झटकली. खड्गधाऱ्याचे लक्ष हाताकडे होते. तोंड सोडा म्हणाले, हात काप म्हणाला, आणि खड्गधाऱ्याने हाताचे ऐकले.

तो तरुण भ्रामरी चेटकिणीचा एकुलता एक मुलगा होता. ती डोंगरावरून खाली आली तोवर धवलसेनाने दवंडी पिटवली होती, की दोष हाताचा आहे, सबब आजपासून राजवाड्यात बोलताना हात बांधले जातील. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण!

भ्रामरी दरबाराच्या पायरीवर उभी राहिली. ती रडली नाही. म्हणाली, “राजा, तोंड एकीकडे आणि हात एकीकडे, हा दोष तुझा. तो तू हातावर ढकललास. बांध हात. तुझ्या घरात शब्दांचा आवाज राहील, पण त्यांतला जीव माझ्या रांजणांत येईल. आणि तुझ्या वंशात ज्या दिवशी कुणी नुसतं ‘जा’ म्हणेल, त्या दिवशी माझं घर जसं रिकामं झालं तसं तुझं होईल.”

एवढे बोलून ती निघून गेली. आणि तसेच झाले. आधी हाताचे शब्द गेले. ‘उचल’ म्हटले की आवाज होई, पण ऐकणारा नुसता बघत राही, जणू कुणी टरफल हातावर ठेवले. मग ‘दे’ गेला, ‘घे’ गेला, ‘ये’ गेला. राजवाड्यातले लोक म्हणत, “तो तांब्या भूमीपासून वरच्या दिशेस करावा.” आणि सेवक तांब्या उचली. ‘धोरण’, ‘यथावकाश’, ‘विचारविनिमय’ हे शब्द मात्र शेवटपर्यंत ठणठणीत राहिले. त्यांना हात कधी लागलेच नव्हते. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, असा तो दरबार.

‘जा’ उरला होता, पण त्याला माप उरले नव्हते. कुठवर जायचे हे हात दाखवतो. हातच बांधलेला, तर शब्दाला काठ कुठला? म्हणून राजघराण्यातल्या पोरांना पहिला धडा हा असे, की ‘दारापर्यंत जा’ म्हणावे, ‘विहिरीपर्यंत जा’ म्हणावे, नुसतं ‘जा’ म्हणू नये.

धवलसेनाचा पणतू कीर्तिध्वज गादीवर होता, तेव्हाची ही गोष्ट. राजा शांत, न्यायी, जपून बोलणारा. राणी बाळंतपणात गेली आणि मागे एक मुलगी ठेवून गेली, तिचे नाव वेणुमती. राजाचा सगळा जीव त्या मुलीत होता. पण तिला कधी जवळ ओढून घेतले नव्हते. हात बांधलेला बाप लेकीला जवळ घेणार कसा? वेणू जवळ आली की तो बांधलेले हात मांडीवर ठेवी आणि तिच्याकडे बघत राही. तेवढ्यावर दोघांनी नऊ वर्षे काढली.

पोरांना बारा वर्षांपर्यंत करबंध नसे. एके दिवशी परराज्याचे वकील दरबारात बसलेले असताना वेणू धावत आत आली. तिने बाभळीवर सुगरण पक्ष्याचे घरटे पाहिले होते. “आबा, आबा! ती चोचीत धागा घेते, असा खालून घालते, असा वरून काढते, मग अशी लोंबकळते!” तिचे दोन्ही हात हवेत विणत होते. वकील गालांत हसले. वागीश प्रधानाने भुवई चढवली. एवढीशी ती भुवई, पण राजाला वाटले की साऱ्या दरबारापुढे आपली शोभा झाली.

“जा,” राजा म्हणाला.

नुसतं ‘जा’.

शब्द सुटला आणि वेणूचे हात खाली पडले. ती वळली. दरबाराच्या दारातून गेली, वाड्याच्या दिंडी दरवाजातून गेली, वेशीतून गेली. शिपाई आडवे झाले तर ती त्यांना वळसा घालून पुढे गेली. एकाने उचलून धरले तर तिचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. तेव्हा घाबरून त्याने खाली ठेवली, की पाय पुन्हा चालू लागले. तिची दाई सगुणा पदरात भाकरी बांधून मागे धावली. चालता चालता तिला घास भरवी, चालता चालता पाणी पाजी, आणि झोप आली तरी पोरीचे पाय थांबत नव्हते.

राजा सिंहासनावर तसाच बसला होता. वेशीपाशी तिच्या पायातली एक तोरडी गळून पडली होती, ती कुणीतरी आणून दिली. राजाने ती मुठीत धरली. “मी हे काय केलं?” एवढेच तो म्हणाला आणि पायऱ्या उतरू लागला. प्रधान म्हणाला, “महाराज, यथावकाश विचारविनिमय करून...” राजाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

वेशीबाहेर वडाच्या फांदीवर भारद्वाज पक्षी बसला होता. तांबूस पंख, गुंजेसारखे लाल डोळे. तो माणसासारखा बोलला.

“राजा, मी दिसलो की लोक शुभ मानतात. तुला दिसलो याचं काय ते पुढे कळेल.”

“माझी मुलगी कशी थांबेल?”

“तू धाडलीस, तूच बोलाव. दुसऱ्या कुणाचा ‘ये’ तिला ऐकू येणार नाही.”

“माझ्या घरात तो शब्द नाही.”

“म्हणून भ्रामरीकडे जायचं. शब्द हाती यायला तीन वाटा पार कराव्या लागतील. पण पाय उचल. पोरीचा रस्ता पश्चिमेला जातो आणि समुद्रावर संपतो. समुद्र काही कुणाला अडवत नाही.”

राजा चालू लागला आणि पक्षी पुढे पुढे उडू लागला. डोंगराच्या खिंडीत एक धोंडा वाट अडवून बसला होता. पक्षी म्हणाला, “याला ‘उचल’ म्हण, म्हणजे उचलला जाईल. पहिली वाट इथून आहे.”

राजा म्हणाला, “उचल.” धोंडा हलला नाही. राजा मोठ्याने म्हणाला, “उचल!” डोंगरातून आवाज परत आला, तोही पोकळच.

“हात कुठे आहेत तुझे?” पक्ष्याने विचारले.

राजाने पाहिले. त्याचे हात धोंड्यावर होते, वरून दाबत होते. मांडीवर टेकवून ठेवायची सवय, तेच त्यांनी इथेही केले होते. तोंड वर म्हणत होते नि हात खाली दाबत होते, मग धोंडा बिचारा करणार काय! राजा गुडघ्यांवर बसला. बांधलेले दोन्ही हात चिखलात घालून त्याने धोंड्याखाली बोटे रोवली. नखे मोडली. आयुष्यात त्याने तलवारीहून जड काही उचलले नव्हते. कंबरेतून कळ आली, आणि त्या कळेबरोबर शब्द पोटातून वर आला, “उच...ल!” धोंडा पिसासारखा वर गेला आणि बाजूला जाऊन बसला.

राजा वाटेतच बसून धापा टाकू लागला. त्याला नवल वाटत होते. “हा शब्द एवढा जड असतो?”

“असतो,” पक्षी म्हणाला. “तुझ्या हमालांना विचारायचंस. चल, पोर पुढे गेली.”

खिंडीपलीकडे एक विहीर होती. विहिरीच्या काठाने रांजणच रांजण मांडलेले, मातीचे, तोंडाला झाकण लावलेले. आत काहीतरी गुणगुणत होते. विहिरीवर एक म्हातारी बसली होती. तिने राजाकडे पाहिले नाही, त्याच्या मुठीकडे पाहिले.

“मुठीत काय आहे?”

“माझ्या लेकीची तोरडी.”

“मला दे. दुसरी वाट इथून आहे.”

लेकीची एवढीच खूण राजाजवळ होती. पण पोर पुढे चालत होती. “दिली,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची मूठ अधिकच आवळली. शब्द घशाशी आला आणि माशाच्या काट्यासारखा अडकला. राजा खोकला, डोळ्यांत पाणी आले. “दिली,” पुन्हा म्हणाला. तोरडीचे घुंगरू तळव्यात रुतले आणि शब्द परत खाली गेला.

“हातचं राखून देता येत नाही, राजा,” म्हातारी म्हणाली.

राजाने डोळे मिटले. वेणू अंगणात धावली की ही तोरडी वाजे. दरबारात बसल्या जागी त्याला कळे, की आता ती तुळशीपाशी आहे, आता जिन्यावर आहे. त्याने एकेक बोट सोडवले. तळवा उघडा झाला. “घे, माय,” तो म्हणाला, “दिली.” आणि एक नव्हे, ‘घे’ नि ‘दे’ दोन्ही शब्द जिवंत बाहेर आले.

म्हातारीने तोरडी उचलली, निरखली आणि विहिरीत टाकली. आवाज आला नाही.

राजा काठावर वाकून रडू लागला. म्हातारी त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “माझ्याकडे एक मुलगा होता. तो मी दिला नव्हता. माशी झटकावी तसा नेला.”

तेव्हा राजाला कळले की ही भ्रामरी. चार पिढ्या जगलेली, मुलाचे दुःख तसेच ताजे ठेवून बसलेली. त्याचे बांधलेले हात आयुष्यभर एकमेकांपाशीच होते, पण ते कधी जुळले नव्हते. ते त्याने जुळवले. मान खाली घातली.

“चुकलं आमच्या घराचं,” तो म्हणाला. “हाताचं नव्हे. आमचं.”

रांजणांतले गुणगुणणे थांबले होते. मग भ्रामरी म्हणाली, “एवढंच ऐकायला मी बसले होते. तुझ्या पणजाच्या तोंडी हे आलं असतं, तर हे रांजण मला भरावे लागले नसते. ने, तुझ्या घराचे शब्द ने.”

“मला फक्त ‘ये’ हवा.”

तिने हात लांबवून एक रांजण दाखवला. राजाने झाकण काढले. आत काही नव्हते. त्याने बोटांनी तळ चाचपला. कोरडी माती.

“माय, थट्टा करू नकोस. ती समुद्राजवळ पोचली असेल.”

“मी थट्टा करत नाही. तुझा ‘ये’ माझ्याकडे आलाच नाही. तो तू कुठेतरी अर्धा म्हणून ठेवला आहेस. जिथे ठेवलास तिथून घे. तिसरी वाट तुझी तूच शोधायची.”

भारद्वाज ओरडला, “राजा, पाणी दिसतंय!” आणि राजा धावत सुटला. सोन्याचा कमरपट्टा वाटेत तुटून पडला, पायातले जोडे गेले, पण त्याला भान नव्हते.

किनारा आला. ओहोटीची ओली वाळू दूरवर पसरली होती. वाळूत सगुणा गुडघ्यांवर पडलेली होती; तिचे पाय फुटले होते, पुढे चालवत नव्हते. “महाराज!” ती ओरडली. “बघा हो, माझी पोर बघा! थांबवा तिला!”

वेणू पाण्यात शिरत होती. घोटे बुडाले होते. तिने एकदाही मागे वळून पाहिले नव्हते.

“ये!” राजा ओरडला. बांधलेले हात त्याने उंच धरले, तळवे पुढे करून, जसे तो दरबाराला आज्ञा देताना धरी. वेणू झपझप पुढे गेली. पाणी गुडघ्याला लागले.

“ये! वेणू, ये!” तळवे पुढेच. ती अजून वेगाने चालली.

“अरे, तू तिला ढकलतो आहेस!” पक्षी डोक्यावर घिरट्या घालत किंचाळला.

राजाने आपल्या हातांकडे पाहिले. खरेच, हात लोटत होते. बोलवायचे कसे, हे त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. कोळ्याची बाई पोराला कशी बोलावते, हे त्याने कधी पाहिले नव्हते. मग त्याची नजर डाव्या मनगटावर गेली. करबंधाच्या खाली एक जुना पांढरा वण होता. हा कधीचा?

आणि त्याला आठवले. वेणू वर्षाची होती. महालात जाजमाच्या त्या टोकाला सगुणाने तिला उभी केली होती. पोर डुलत होती, पडेल का चालेल अशी. राजा नकळत खाली बसला होता, चारचौघांसारखा उकिडवा, आणि त्याने हात पसरले होते, दोरी मनगटात घुसेपर्यंत पसरले होते. तोंडातून निघालेच होते, “ये...” पोरीने पाऊल टाकले, मग दुसरे टाकले. इतक्यात दारात वागीश प्रधान उभा दिसला. राजाने हात मांडीवर घेतले आणि तो उठून उभा राहिला. पोर जाजमाच्या मध्यावर पोचली होती. समोर कुणी नाही असे पाहून ती मटकन खाली बसली. रडलीसुद्धा नाही. नुसती बघत राहिली.

‘ये’ तिथे अर्धा राहिला होता.

“देवा रे,” राजा म्हणाला.

लाट आली तशी तो ओल्या वाळूत खाली बसला. उकिडवा. मुकुट कधीच पडला होता. पाणी वेणूच्या कमरेला लागले होते. राजाने हात पसरायला सुरुवात केली. करबंध ताणला गेला, जुन्या वणावर घुसला, रक्त आले. तो थांबला नाही. हे रेशीम चार पिढ्यांचे होते आणि त्याला एक धागाही तुटणे माहीत नव्हते. राजाने लेकीखेरीज कशाकडेही पाहिले नाही.

“ये,” तो म्हणाला. मोठ्याने नव्हे. जाजमापलीकडे ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. “ये गं माझे बाय. ये.”

करबंध तुटला. दोन्ही हात सुटले ते पूर्ण पसरले.

पाण्यात वेणूचे पाय थांबले. ती वळली. एक पाऊल तिने टाकले, मग दुसरे, डुलत, लाटेचा धक्का खात. आणि मग पाणी उडवत धावत आली आणि बापाच्या छातीवर आदळली. राजाने तिला दोन्ही हातांनी आवळली. नऊ वर्षांचे आवळणे राहिले होते, ते एका वेळी कसे पुरे व्हावे! सगुणा वाळूतून सरपटत आली आणि दोघांवर पडून रडू लागली.

“आबा, मी खूप चालले,” वेणू म्हणाली.

“चाललीस. आता नको.”

“घरट्याचं राहिलं सांगायचं.”

“सांग,” राजा म्हणाला. “कसं विणते ती? हातानं दाखव.”

राजा परतला तेव्हा वेणू त्याच्या खांद्यावर होती. राजवाड्यात शब्द आधीच परतले होते. वर्षानुवर्षे मुकी पडलेली माणसे एकमेकांना ‘घे’ म्हणत होती, ‘दे’ म्हणत होती, आणि ऐकणाऱ्याला कळत होते म्हणून हसत होती. राजाने उंबऱ्यावरच्या सेवकाकडून रेशमाच्या साऱ्या दोऱ्या घेतल्या आणि सुगरणींच्या बाभळीला बांधल्या. त्यांनी त्यांची घरटी विणली. विहिरीवरच्या रांजणांत पुढे पावसाचे पाणी साचू लागले आणि वाटसरू ते पिऊ लागले. भ्रामरी परत कुणाला दिसली नाही. वागीश प्रधान मात्र पुष्कळ दिवस हात कुठे ठेवावेत या विवंचनेत होता.

तेव्हापासून त्या राज्यात निरोप घेताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतात. हसणारे हसतात, म्हणतात, अहो, जाताय तर जातो म्हणा की! पण एका मुलीचे पाय समुद्रापर्यंत का गेले, हे ज्यांना ठाऊक आहे ते हसत नाहीत.

वेणुमती मोठी झाली. लग्न होऊन दूर देशी निघाली. मेणा वेशीपाशी थांबला आणि ती खाली उतरून बापाकडे आली. राजाचे केस पिकले होते. आता दोन्ही मनगटांवर वण होते.

“येते हं, आबा.”

राजाला तिला निरोपाचा शब्द द्यायचा होता आणि तो त्याच्या ओठांवर नुसता येऊन थांबला. जन्मभराची भीती अशी सहज जात नाही. मग त्याने उजवा हात उचलला, वेशीपलीकडची वाट दाखवली, डोंगर दाखवला, डोंगरापलीकडे तिचे नवे घर असेल तिथवर बोट नेले. आणि तिथून हात हळूहळू माघारी वळवून आपल्या छातीवर आणून ठेवला.

“जाऊन ये,” तो म्हणाला.

तोंडचा शब्द हाताला मिळाला, हाताचा अर्थ तोंडाला मिळाला. लेक घरची झाली, आणि आमची गोष्ट तुमची झाली.